रुंदी, आरसे सोडून

मामाच्या शोरूममध्ये माहितीपत्रक हातात धरून बोलणं हा गुन्हा होता. गिऱ्हाईक समोर बसलं की गाडीची सगळी मापं, सगळी ताकद, सगळे नखरे तोंडपाठ सांगायचे, तेही त्याच्या नजरेला नजर देऊन. बाकीचे विक्रेते कुठे ना कुठे अडखळायचे. भाची कधीच नाही. म्हणून तिथं तिचं नाव पडलं होतं पोपट.

ती सुरू झाली की थांबायचीच नाही. सहा सिलिंडरचं तीन लिटरचं टर्बो इंजिन, तीनशे ऐंशी हॉर्सपॉवर, आठ गिअर, ताकद चारही चाकांना पण ओढा मागच्या चाकांकडे, शून्य ते शंभर पाच सेकंदांच्या आत, हवेवरचं सस्पेन्शन, मागची चाकंही जराशी वळतात, रुंदी एक मीटर चौऱ्याण्णव. ही रुंदी आरसे सोडून असायची. गाडीला आरसे असतात हे मामाला माहीत नव्हतं असं नाही, पण आरसे धरून रुंदी सांगितली की गाडी जाडजूड वाटते, आणि ही तर चपळ गाडी म्हणून विकायची होती! शेवटी मामाचं लाडकं वाक्य यायचं: "गाडी उंच आहे, पण वळणावर उंची विसरायला होते. स्टिअरिंग हाताशी बोलतं."

ते हाताशी काय बोलतं, हे मात्र भाचीला विचारायची सोय नव्हती. ते स्टिअरिंग तिच्या हातात कधी आलंच नव्हतं. गिऱ्हाईक गाडी चालवून बघायचं तेव्हा ही शेजारी बसून बोलायची. विकलेली गाडी पोचवायची तर मामा चालवायचा आणि ही पुन्हा शेजारीच. मामाचा तसा नियमच होता. गाडी गिऱ्हाइकाच्या घरी स्वतः न्यायची, त्याच्या पार्किंगमध्ये त्याच्या जागेवर लावायची, आणि मगच किल्ली त्याच्या हातावर ठेवायची. या रिवाजावर अख्खी शोरूम उभी होती असं मामा म्हणायचा, आणि त्यात फारसं खोटंही नव्हतं.

आता गंमत अशी, की ही पोरगी गाडी चालवायची ती नुसती झकास. मैत्रिणींच्या खटारा गाड्यांवर हात साफ केलेला. टायर बनवणाऱ्या एका कंपनीच्या चाचणी-ट्रॅकवर चालक हवेत असं कळलं, तशी सुट्टीच्या दिवशी घरी थाप मारून ती तिथं गेली, ओल्या रस्त्यावर गाडी घसरवून आणि सावरून दाखवली, आणि निवडली गेली. तिथल्या प्रमुख बाई मोठ्या खमक्या. आज सकाळीच फोनवर म्हणाल्या होत्या, "आज संध्याकाळी फोन करते. हो किंवा नाही, एवढंच सांगायचं. विचार करते म्हणालीस तर दुसऱ्याला घेईन."

ती आज संध्याकाळ म्हणजे हीच. आणि मामाला अजून पत्ता नव्हता.

सांगायचं तरी कसं? आई गेली तेव्हा ही शाळेत होती. मामा आला, तिचं दप्तर स्वतःच्या खांद्याला अडकवलं आणि तिला घरी घेऊन गेला. मामीनं वेण्या घातल्या, मामानं अभ्यास घेतला. दोघांना मूलबाळ नाही. अशा माणसाला 'मी चालले' म्हणायचं म्हणजे जीभच रेटत नाही. दुकानात ती त्याला सगळ्यांसारखं 'तुम्ही' म्हणायची, घरी 'तू'. गेला आठवडाभर तिला दोन्हींपैकी काहीच म्हणवत नव्हतं.

म्हणून तिनं ठरवलं, गाडी पोचवायला दोघंच असू, तेव्हा वाटेत बोलायचं.

"मामा, मला जरा बोलायचंय."

"आधी गाडी लावू, मग बोल," मामा म्हणाला. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून तो बैलगाडीच्या वेगानं चालला होता. इंजिन बिचारं आतल्या आत गुरगुरत होतं. मागून हॉर्न वाजत होते. एका सायकलवाल्यानं डावीकडून हात उगारून काहीतरी सुनावलंसुद्धा. मामानं तिकडे बघितलंही नाही.

गाडी घेतली होती एका दातांच्या डॉक्टरनं. सज्जन माणूस. इमारत मात्र जुनी, आणि पार्किंग तळघरात. खाली जाणारा उतार अरुंद, मध्येच डावीकडे वळलेला. डॉक्टरनं बिचाऱ्यानं विचारलं होतं, "रुंदी किती हो?" भाचीनं एका दमात सांगितली होती. आरसे सोडून.

उतारावर गाडी शिरली. वळणाशी आली. डावा आरसा भिंतीला लागून खाडकन मिटला.

"मामा, डावीकडे!"

मामानं ब्रेक दाबला, घाईघाईनं रिव्हर्स टाकला आणि स्टिअरिंग फिरवलं. आता या गाडीची मागची चाकं हळू वेगात पुढच्या चाकांच्या उलट वळतात, हे दोघांनाही तोंडपाठ. पण पाठ असणं वेगळं! शेपूट झपकन उजव्या भिंतीकडे गेलं, नाक डाव्या भिंतीला टेकलं आणि गाडी तिरपी होऊन बसली. मामानं पुढे-मागे केलं, तशी ती आणखीच रुतली.

मग सगळे दरवाजे करून झाले. भाचीच्या बाजूला भिंत. मामाच्या बाजूला सिमेंटचा खांब. दार उघडलं तर जेमतेम हात बाहेर जाईल. डिकीचं झाकण वर गेलं ते तुळईला अडून परत बसलं. छत काचेचं, मोठं थाटाचं, उघडतंही. पण वर वीतभरावर स्लॅब.

खाली उभा असलेला डॉक्टर धावत समोर आला आणि काचेतून आत बघायला लागला.

"लागली का हो?"

"छे छे, मुळीच नाही!" मामा आतून ओरडला.

डॉक्टर डाव्या कोपऱ्याकडे वाकून बघत म्हणाला, "नाही कशी, टेकलीय की! थांबा, क्रेनवाल्याला बोलावतो. इथं खाली फोन लागत नाही." आणि तो जिन्यानं वर गेला.

भाचीनं स्वतःचा फोन बघितला. नेटवर्कचा टिपूस नाही. बाईंचा फोन आता येईल, लागणार नाही, आणि त्या पुढच्या माणसाला बोलावतील. संपलं. एवढी लाखमोलाची गाडी, पाच सेकंदांत शंभर गाठणारी, आणि इथून वीतभर हलायला तयार नाही!

मामानं इंजिन बंद केलं. एसी बंद पडला. आत कातड्याच्या नव्या सीटचा वास कोंडला आणि दोघांनाही घाम फुटला.

"रुंदी किती सांगितलीस त्यांना?" मामानं विचारलं.

"तुम्ही शिकवलीत तेवढीच."

मग तिला राहवलं नाही. "आणि वळण दिसत नव्हतं का? मी ओरडले तरी तुम्ही डावीकडेच!"

"नाही दिसलं."

"म्हणजे?"

"डावीकडचं मला दिसत नाही, पोरी." मामा समोर बघतच बोलला. "काचबिंदू आहे. डावा डोळा जवळजवळ गेला. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, गेली ती नजर परत येत नाही. उजवा तेवढा सांभाळायचा."

"कधीपासून?"

"झाले बरेच महिने. तुझ्या मामीलाही ठाऊक नाही. कुणालाच नाही."

"आणि तू गाडी चालवतोस?" ती किंचाळलीच. 'तुम्ही' कुठल्या कुठे पळालं. "रस्त्यावर? माणसांतून? तो सायकलवाला! वेड लागलंय का तुला, मामा?"

"तू शेजारी असतेस ना," मामा म्हणाला. "तू असलीस की निभतं. मी म्हणतोय आता शोरूमच तुझ्या हातात द्यावी. तू सोडून मला आहे कोण?"

झालं! सांगायला ती आली होती, आणि सांगून मोकळा झाला मामा. तिला इतका राग आला की त्याला एक ठेवून द्यावी, आणि इतकं वाईट वाटलं की त्याच्या गळ्यात पडावं. यातलं काहीच करता येईना, तिथं जागाच नव्हती. ती भिंतीकडे तोंड करून बसली. काचेपलीकडे भिंतीचा खरबरीत गिलावा, नाकासमोर. आता हेच बघायचं जन्मभर, असं तिला स्वच्छ वाटलं.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "ऊठ. इकडे ये. मी काढते."

"क्रेन येईल ना. घासली तर? एक ओरखडा नसलेली गाडी द्यायची असते आपण."

"मला इथं श्वास घेता येत नाही, मामा. ऊठ!"

जागा बदलताना जी काय कसरत झाली ती विचारू नका. मामाचं पोट गिअरच्या दांड्यावर अडकलं. त्याचा पाय हॉर्नवर पडला आणि तळघर दणाणलं. दोघंही अशा अवस्थेत हसले, आणि हसता हसता मामाचे डोळे भरून आले, ते तिनं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

स्टिअरिंग हातात आलं. जाड, जड, गार. तिनं इंजिन सुरू केलं, सस्पेन्शन वर उचललं, आणि गाडीला एक बोटभर मागे जाऊ दिलं. शेपूट उजवीकडे जायला लागल्याचं तिला आधी तळहातात कळलं आणि मग पाठीत. अच्छा, हे बोलतं होय! तिनं स्टिअरिंग उलट दिलं, शेपूट गुमान सरळ झालं. ॲक्सिलरेटर फार उतावळा होता, नुसतं पाऊल टेकवलं की अंगावर यायचा. तिनं टाचेवर भार घेऊन त्याला दमात घेतलं. थोडं मागे, थोडं पुढे, परत मागे. एका जागी मात्र डावं नाक घासल्याशिवाय सुटणार नव्हतं.

"घासणार," ती म्हणाली.

मामानं डोळे मिटून घेतले. "घास."

करकर करत पत्रा भिंतीवरून गेला आणि गाडी सुटली. मग तो उतार ती उलट्या दिशेनं, मान मागे वळवून, एका लयीत चढली. एवढं मोठं धूड, पण कमरेत हलकं. वर उजेडात आली तेव्हा तिच्या अंगावर काटा होता, आणि इतका आनंद तिला आयुष्यात कधी झाला नव्हता.

डॉक्टर टाळ्या वाजवतच आला. "वा! क्रेनला नको सांगतो."

मामा उतरला, सदरा नीट केला आणि एकदम दुकानातल्या आवाजात म्हणाला, "ही गाडी आम्ही परत नेतो, डॉक्टर. तुम्हाला नवी देऊ, जरा बारकी. आणि ती ही आणून लावेल. आजपासून आमच्या सगळ्या गाड्या हीच पोचवणार. पुढं शोरूमही हीच बघणार आहे."

"अभिनंदन!" डॉक्टरनं भाचीचा हात हातात घेऊन हलवला. चांगली चालवली, हाच तिचा गुन्हा झाला होता. डॉक्टर क्रेनवाल्याला फोन करायला बाजूला गेला, आणि तेवढ्यात तिच्या खिशात फोन वाजला.

ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

"ट्रॅकवाल्या बाई का?" मामा म्हणाला.

तिनं मान वर केली. मामाचं तोंड उतरलं होतं. निसटायचं ते निसटून गेलं होतं.

"तुला कसं माहीत?"

"गेल्या आठवड्यात त्यांनी शोरूमवर फोन केला होता, तुझी चौकशी करायला. मीच घेतला. तिच्यासारखी मुलगी मिळणार नाही म्हणून सांगितलं. खरं तेच सांगितलं."

"म्हणजे मी आज बोलणार, हे तुला ठाऊक होतं."

मामा सदऱ्याचं बटण चाचपत राहिला.

"आणि डोळा? तेही खोटं?"

"डोळ्याचं खरंय गं," मामा म्हणाला. "आईशपथ खरंय. वेळ तेवढी मी साधली. तुझ्या आधी बोललो, म्हणजे तुला बोलता येणार नाही."

फोन वाजतच होता. तिला वाटलं, हा माणूस सबंध खोटारडा असता तर किती सोपं झालं असतं. त्याच्या तोंडावर फोन घेऊन ती निघून गेली असती. पण यानं दप्तर उचललं होतं तेही खरं, आणि हे केलं तेही खरंच. तिनं फोन कानाला लावला.

"हो की नाही?" बाईंनी नमस्कारसुद्धा केला नाही.

"हो," भाची म्हणाली. मामाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "हो, येते मी." आणि फोन ठेवला.

मामा फुटपाथच्या कडेला उभा होता, हात लोंबकळत. "बरं झालं," असं काहीसं तो पुटपुटला, पण त्याचं त्यालाच ते पटलेलं दिसत नव्हतं.

"बस गाडीत," ती म्हणाली.

"शोरूमला ना?"

"घरी. मामीला सांगायचंय."

"तू चाललीस ते?"

"तुझ्या डोळ्याचं. आणि आजपासून तू गाडी चालवायची नाहीस. मी इथं असले तरी नाही, नसले तरी नाही."

"तिला नको गं सांगूस," मामा म्हणाला. "ती मला घरातून बाहेर सोडायची नाही. हातपाय तोडून बसवल्यासारखं होईल मला." जन्मात पहिल्यांदा तो तिच्यापुढे हात जोडून उभा होता.

"मला माहितीय कसं होतं ते," ती म्हणाली, आणि दार उघडून धरलं.

तो बसला. सीटचा पट्टा त्याच्या डाव्या खांद्यामागं होता. तो हात मागे नेऊन चाचपत राहिला आणि पट्टा काही सापडेना. तिनं वाकून तो ओढला, त्याच्या पोटावरून घेतला आणि अडकवला. अडकवता अडकवता तिला रडू फुटलं. तिनं ते थांबवलं नाही, आणि नाही म्हणायला फोन परत हातातही घेतला नाही. पलीकडून जाऊन ती स्टिअरिंगशी बसली आणि गाडी घराकडे वळवली.