पॅकिंग-विभागाचा ठराव

मायकेन लिंडवाल एकोणीस वर्षं पॅकिंगची मुकादम होती. स्वीडनच्या उत्तरेकडचा कडक भाकऱ्यांचा कारखाना. भट्टीतून भाकरी सरकत्या पट्ट्यावर यायची, बारा जणं ती कागदात गुंडाळायची आणि त्या बारांवर मायकेन. कोणाचा खांदा दुखतोय, कोणाचं घरी बिनसलंय, हे तिला चालीवरून कळायचं. त्याला अभ्यासक्रम लागत नाही, डोळे लागतात.

मार्चमध्ये वरच्यांनी हम्पुस नावाचा सल्लागार आणला. पिठाच्या कारखान्यात पांढरे बूट घालून आलेला माणूस. त्याने भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या आणि म्हणाला, आता मुकादम नको, गटच गटाला चालवेल. पण तेही गटानेच ठरवायचं.

"म्हणजे सुरी तुझी आणि हात आमचा," युंवे म्हणाला. पट्ट्याचा मेकॅनिक, तोंडाचा फटकळ.

"मी फक्त प्रश्न विचारतो," हम्पुस हसला.

गुरुवारी नऊच्या कॉफीला बैठक बसली. बैठका मायकेनच घ्यायची, ही पण तिनेच घेतली. तिथली रीत अशी की एकेकाला विचारायचं, कोणी हरकत घेतली नाही की मंजूर. मतं मोजत नाहीत. मोजली की कोणीतरी हरतं आणि हरलेल्याबरोबर उद्या पुन्हा कॉफी प्यायची असते.

एक 'नको' पुरे होतं. मायकेन तेवढ्याचीच वाट बघत होती. स्वतः म्हणणं तिला जमणारं नव्हतं. आपल्या खुर्चीसाठी आपणच तोंड उघडायचं, इतकी ती हलकी नव्हती.

"मुकादमाचं पद बंद करावं, असा ठराव आहे. सीव?"

"चालेल. म्हणजे, बाकीच्यांना चालत असेल तर."

आणखी दहा जणांनी माना हलवल्या. युंवेने दालचिनीचा बन मोडला. "मला यंत्राचं विचार. माणसांचं काय विचारतेस?"

"नोंदवहीत काय लिहू?"

"लिही, हरकत नाही."

राहिली रुत. गेली सव्वीस वर्षं मायकेनची शेजारीण. तिचा नवरा आजारी होता तेव्हा मायकेनने वर्षभर तिच्या कामाच्या पाळ्या सांभाळल्या होत्या. रुत कॉफीत चमचा फिरवत बसली. ती साखर घेत नाही.

"रुत?"

"तूच ठरव ना गं. तुला जास्त कळतं."

"मी नाही ठरवायचं. तू बोल."

"मग सगळ्यांसारखंच."

मायकेनने लिहिलं, एकमताने मंजूर. अक्षर नेहमीसारखंच आलं. कुठेतरी लांब भट्टीचा एखादा पत्रा गार होताना वाजावा, तसं आत काहीतरी वाजलं, तेवढंच.

"किती समजूतदार गट आहे हा," हम्पुस म्हणाला.

जिन्यात रुतने तिला गाठलं. "मला वाटलं, तुलाच नको झालंय. इतक्या शांतपणे विचारत होतीस."

"मला वाटलं, तू नको म्हणशील."

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

दोघींनी खांदे उडवले. वरून सीव उतरत होती, तिला वाट द्यायला दोघी भिंतीला चिकटल्या.

सोमवारी मायकेन इतरांसारखी पट्ट्याशी उभी राहिली, रुत आणि सीवच्या मधे. दहाच्या सुमाराला कागदाचा रोल अडकला. भाकरीवर भाकरी चढू लागली, काठावरून खाली पडून तुकडे होऊ लागले. पट्टा थांबवायचं लाल बटण सगळ्यांच्या हाताला येईल असं होतं. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

मायकेनने रुतकडे बघितलं. मग बटण न दाबता तीही इतरांसारखी थांबून राहिली.