सोळा भाज्यांची चव

एकोणीसशे छप्पन सालचा भाद्रपद. बाजारहत्नूरला माणिकरावांकडे महालक्ष्म्यांचे जेवण होते. ओट्यावर पुरुषमंडळींत एकच विषय चालला होता. हैदराबाद राज्य मोडणार आणि आपला जिल्हा तेलुगू मुलखात जाणार.

"आपुन मराठी मानसं कोपऱ्यात पडू. आपल्याले कोन पुसंल?" माणिकराव कळवळून म्हणाले.

त्यांच्याच घरामागच्या खोलीत त्यांची विधवा चुलतभावजय सोजरबाई एकटी राहत होती. तिला अकरा वर्षांत कोणी पुसले नव्हते, हे काही त्यांच्या ध्यानी आले नाही.

पहाटेपासून सोळा भाज्या तिनेच चिरल्या होत्या. चिरायला विधवेचे हात चालत, पंगतीला चालत नसत. पान बाहेर पाठवावे, तर महालक्ष्म्यांचे अन्न उंबरा ओलांडत नाही. उरले तर परसात खड्डा करून पुरायचे, असा त्या घरचा रिवाज. सणाच्या दिवशी सोजरबाई कालची भाकर तिखटमिठाशी खाई, दार लोटून घेई आणि भिंतीपलीकडचे हसणे ऐकत बसे.

यंदा घरात नवी सून आली होती, रुख्मिणी. नव्या सुनेने पहिला घास घेतल्याशिवाय सवाष्णींची पंगत जेवत नसे. पाने वाढली, तरी ती हात आखडून बसली.

"जेव ना वं," सासू जयवंताबाई म्हणाल्या.

"सोजरमाय काऊन नाई आल्या?"

"तिले चालत नाई. अन् अन्न उंबऱ्याबाहेर जात नाई."

"खड्ड्यात पुरतो तवा उंबरा आडवा येत नाई का, आत्याबाई? त्या उपाशी असल्यावर माह्या घशाखाली घास उतरत नाई."

पंगत ताटकळली. अन्न निवत चालले. रुख्मिणी काही हलेना. शेवटी जयवंताबाई तणतणत मागच्या दारी गेल्या. हाक मारताना मात्र त्यांचा आवाज खाली आला.

"सोजर, चाल जेवाले."

सोजरबाईने आधी मागे वळून पाहिले. खोलीत दुसरे कोणी नव्हते.

ती पंगतीच्या टोकाला अंग चोरून बसली. शेजारच्या दोघी उठून गेल्या. रुख्मिणीने आपले पान तिच्याजवळ सरकवले.

"भाजीले मीठ बराबर हाय ना, माय?"

सोजरबाईने घास हातात घेऊन न्याहाळला.

"मले काय मालूम, बाई? अकरा सालं चिरूनच राह्यली. चाखली कदी नाई."

वाचकहो, तुमच्याही घरी सणाची पाने मांडली जातील. वाढण्याआधी एकदा मागच्या दाराकडे जाऊन या.