विंधलेली गुंज

दोन हजार बावीस साल होतं. तापीला त्या वर्षी दिवाळी उलटली तरी भरपूर पाणी होतं, केळीला भाव बरा होता, आणि आधीच्या दोन वर्षांत घराघरांतून गेलेल्या माणसांची नावं लोक आता कुठे मोठ्यानं घेऊ लागले होते. शहाद्याच्या या अंगाला, पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याचा भोंगा ऐकू येतो तिथवर, तापीकाठी गुजरांची गावं आहेत. त्यांतल्याच एका गावात नवरात्र सरताच तापीबाईच्या खळ्यावरच्या पत्र्याच्या खोलीत मोतीकामाचा वर्ग सुरू झाला.

तापीबाई तेव्हा अठ्ठ्याहत्तरीची. लग्न होऊन आली त्या वर्षीच सासूनं तिच्या हातात सुई आणि काचमण्यांची वाटी दिली होती. तेव्हापासून गावात एकही लग्न असं झालं नाही की ज्याच्या दाराला तापीबाईच्या हातचं तोरण नव्हतं. घागरीखाली ठेवायच्या इंढोण्या, शिंक्यांच्या झालरी, आणि सगळ्यांत देखणे म्हणजे पाळण्यावर टांगायचे पोपट. कापूस भरलेल्या चिंधीचा पोपट, त्यावर हिरव्या मण्यांची जाळी, आणि डोळ्याच्या जागी गुंज, लालभडक आणि टोकाला काळी. असे पाच-सहा पोपट एका कड्याला लोंबायचे. पाळणा हलला की तेही डोलायचे, आणि खालचं पोर हात-पाय झाडत हसायचं.

मग बाजारात प्लास्टिकची तोरणं आली. तापीबाईचा एक डोळा गेला, दुसऱ्यावर मोतीबिंदूचा पडदा आला. देवाजवळ तिचं मागणं एकच उरलं होतं. आपल्याबरोबर हा हात सरणावर जाऊ नये, कुणाच्या तरी बोटांत राहावा.

ते मागणं ऐकलं तिच्या नातसुनेनं. हेमांगी नंदुरबारला शिकलेली, चटपटीत आणि मनानं सरळ. तिनंच गावातल्या सुना-पोरी गोळा केल्या, सुरतेहून मणी मागवले, आणि तापीबाईला खुर्चीवर बसवून म्हणाली, "आता बोला, मोठी माय. तुम्ही सांगा, आम्ही ओवतो."

पहिल्याच दिवशी तापीबाईनं दोन गोष्टी सांगितल्या, तिच्या सासूनं तिला सांगितल्या होत्या तशाच.

"एक. गुंजले भोक पाडानं नही. मण्यांची जाळी विणानी आन् गुंज तिन्हामा बसाडानी. दुसरं. पाळणावर टांगेल वस्तू पोऱ्या चालू लागस तवलोंग उतारानी नही."

"भोक पाडं तं काय व्हई?" ममतानं विचारलं. ममता म्हणजे शेजारच्या घरातली नवी सून, हाताला हुशार आणि जिभेला त्याहून.

"गुंज आंधळी व्हस. मंग ती नजर अडावस नही, लावस."

"मंग तिले चष्मा लई देऊत ना, मोठी माय!"

सगळ्या खिदळल्या. तापीबाईही हसली. सासूनं याहून जास्त काही सांगितलं नव्हतं, आणि सासूला विचारायची तेव्हा छाती कुणाची होती?

काम रंगलं. शहाद्याच्या कापडदुकानातली अनोखीबाई मारवाडीण एकदा वर्ग बघायला आली आणि पोपट हातात घेऊन वेडी झाली. लग्नसराईला आणि सारंगखेड्याच्या घोडेबाजारात मांडायला तिला असे पुष्कळ पोपट हवे होते. पण एका गुंजेची जाळी विणायची म्हणजे सकाळ जायची. आतून गुंज निसटली की पुन्हा पहिल्यापासून. पोरी कंटाळू लागल्या, एक-दोघी यायच्या बंद झाल्या. हेमांगी काळजीत पडली. वर्ग मोडला तर म्हातारीचं काय होईल, हीच ती काळजी. शेवटी तिनं गुंजा रात्रभर पाण्यात भिजत घातल्या. मऊ पडल्यावर दाभणानं आरपार भोक, त्यातून दोरा, झाला डोळा. ज्या निसटून फुटायच्या त्यांची भुकटी आणि तुकडे मागच्या अंगणात झाडून टाकायचे.

हे तापीबाईला कुणी सांगितलं नाही. पण दिवाळीच्या आधी पोपटांचं पहिलं पुरं झालेलं झुंबर हेमांगीनं तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "हे आपल्या नेहलसाठी. रनाळ्याला मी स्वतः जाऊन टांगून येते."

नेहल म्हणजे तापीबाईची पणती. तिच्या मुलीची मुलगी मोहिनी रनाळ्याला दिलेली, तिचं पहिलं बाळ. तापीबाईनं बोटं फिरवली. पंख, चोच, मान, सगळं जिथल्या तिथे. मग डोळा आला. तिथे जाळी नव्हती. गुळगुळीत गुंज, आणि मधोमध दोऱ्याची गाठ.

तिच्या मनात पाल चुकचुकली. बोलावं असं ओठाशी आलं. पण समोर पोरी तिच्या तोंडाकडे बघत होत्या, ममतासुद्धा. इतक्या वर्षांनी त्या खोलीत सुया चालू होत्या. आंधळ्या गुंजेचं ते सांगणं, सासूच्या काळातलं! त्याच्यापायी हे सगळं मोडायचं?

"चांगलं जमनं," तापीबाई म्हणाली.

दिवाळीनंतर खळ्यामागच्या झोपडीतल्या कोंबड्या मरायला लागल्या. झोपडी सालदाराची. त्याची बायको नानीबाई धडगावकडची भिल्लीण, सकाळ-संध्याकाळ खळं झाडायला यायची. कोंबडी आधी मान टाकायची, मग पाय ओढायची, दुसऱ्या दिवशी आडवी. सगळे म्हणाले, नवापूरकडचा कोंबड्यांचा रोग आला. मागच्याच साली तिकडे कोंबड्या खड्ड्यांत पुरल्या होत्या, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. नानीबाईनं उतारा करून टाकला. कोंबड्या मरतच राहिल्या.

दत्तजयंतीला सारंगखेड्याची जत्रा भरली. अनोखीबाईच्या मांडवातले पोपट हातोहात गेले. काही शहाद्यात, काही तापीपलीकडे, काही घोडे घ्यायला आलेल्या कुठल्या कुठल्या परमुलखातल्या लोकांनी नेले. हेमांगी पेढे घेऊन आली. तापीबाईनं पेढा तोंडात घातला, पण तो फिरत राहिला.

पौषातली सकाळ. पोरी अजून आल्या नव्हत्या. तापीबाई ओट्यावर उन्हाला बसली होती. नानीबाई आली आणि समोर उकिडवी बसली. हातात पळसाचं पान.

"माय, शेवटली बी गयी. मी तिन्हं पोट फाडी देखं. हाई देख."

तापीबाईला दिसेना. नानीबाईनं तिचं बोट धरून पानावर टेकवलं. टरफलाचे बारीक, धारदार तुकडे.

"काय शे व?"

"गुंज शे. तुमना आंगनमातली. फुटेल गुंज."

त्या शब्दासरशी तापीबाईला सत्तर वर्षांपूर्वीचा बापाचा गोठा दिसला. ढवळा बैल संध्याकाळी चरून आला तो लंगडत. सकाळी त्याचे पाय ताठ. बापानं कातडीतून एक काटा उपसून काढला होता, सुईसारखा, लालसर. आजा म्हणाला होता, "वैऱ्यानी गुंज कुटी, काटा घडाया आन् टोची दिन्हा. आखी गुंज रतन शे, फुटेल गुंज इख शे." तापीबाई तेव्हा परकर नेसायची. बैलासाठी रडून रडून झोपली, आणि पुढं आयुष्यभर गुंजा हाताळूनही ते बोलणं तिला आठवलं नव्हतं. सासूनं सांगितलेलं गुंजेचं आंधळेपण आणि आज्यानं सांगितलेलं विष एकच होतं.

आणि नेहल सात महिन्यांची होती. दात येत होते. मोहिनी परवाच फोनवर कौतुकानं सांगत होती, "मोठी माय, जे हाती लागेल ते तोंडात घालते!"

"हेमांगी!" तापीबाईनं अशी हाक मारली की पोरगी हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली. सगळं ऐकलं आणि पिठाच्या हातानंच तिनं फोन लावला.

फोन उचलला मोहिनीच्या सासूनं, रमिलाबाईनं. मोहिनी न्हाणीत होती. तापीबाईनं फोन आपल्या कानाला लावून घेतला.

"रमिला, ते पोपट पाळणावरथून उतार. आतेच्या आते."

पलीकडून रमिलाबाईचा आवाज, थंड. "जिजी, तू सांगी ऱ्हायनी हाई? तू?"

तापीबाईला कळलं. रमिलाचं माहेर तापीबाईच्या घराशेजारचं, लहानपणापासून ती तिला जिजी म्हणायची. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली होती. पाळण्यावरचे पोपट धुळीनं मळले म्हणून तिनं धुवायला उतरवले, आणि त्याच आठवड्यात तिचा मुलगा तापानं गेला. ओटीवर जमलेल्या बायका म्हणाल्या होत्या, उतरवायला नको होते. त्या बायकांत तापीबाईही होती.

"तवय तू काय बोलनी व्हती, माले याद शे," रमिलाबाई म्हणाली. "मी मन्हा हातथून दुसऱ्यांदा नही उतारनार. मोहिनीले बी हात नही लावू देऊ."

"अवं, त्या गुंजमा इख शे!"

"पयले तं कधी नव्हतं!" फोन बंद. मग कितीदा लावला तरी कुणी उचलेना.

हेमांगीनं गाडी काढायला लावली. नवरा उसाच्या फडात होता, म्हणून चुलत दीर भूपेंद्र आला. तापीचा पूल ओलांडताना खाली पाणी करडं, हललं न हलल्यासारखं. हेमांगी सारखी म्हणत होती, "मी टांगलं, मोठी माय. माझ्या हातानं गाठ मारली. घट्ट मारली."

"घट्टच ऱ्हाऊ दे, बाई," तापीबाई एवढंच म्हणाली.

रनाळ्याच्या घरात पोचले तेव्हा दुपार चढली होती. पाळण्याच्या कड्या कुरकुरत होत्या. रमिलाबाई पाळण्याशी बसलेली, दोरी हातात, जणू राखणीला. मोहिनी दाराशी उभी, डोळे रडून सुजलेले. सासू-सुनेचं वाजून गेलेलं दिसत होतं.

तापीबाईनं कुणाकडे पाणी मागितलं नाही. भिंत धरत पाळण्यापर्यंत गेली आणि वर हात केला. एकेक पोपट चाचपला. हा डोळा आहे, हा आहे, हा आहे. सगळ्यांत खाली लोंबणारा पोपट ओला लागला. मणी लाळेनं चिकट. त्याचा एक डोळा होता. दुसऱ्या बाजूला नुसता दोरा.

"हाऊ खाले कोणी वढा?"

"तीच ओढते," मोहिनी म्हणाली. "सकाळीच चोखत होती. मी हातातून सोडवला."

"डोळा कोठे शे ह्याना?"

सगळ्या एकदम खाली बसल्या. गोधडी झटकली, दुपटं झटकलं, फरशीवर तळहात फिरवले. गुंज नव्हती. नेहल पाळण्यात शांत पडली होती, फार शांत. एरवी इतकी माणसं बघून हात पसरणारं पोर.

"रमिला, दोरी सोड," तापीबाई म्हणाली.

"जिजी, नको." रमिलाबाईचा आवाज आता बाईचा नव्हता, लेकरू हरवलेल्या पोरीचा होता. "तुन्हा पाय पडस. त्यानापायी मन्हा गया."

"तो तापनी गया. त्यानापायी नही. हाई माले तवयच बोलाले पाहिजे व्हतं." तापीबाईनं कमरेची सुरी काढली, मणी ओवताना दोरा कापायची. "आन् कोणावर काही उतरनारच व्हई, तं मन्हावर उतरू दे. मी मन्हा हातथून तोडी ऱ्हायनी."

दोरा तुटला. झुंबर फरशीवर आदळलं. रमिलाबाईनं कान झाकले. आणि त्याच वेळी नेहल ओकली.

नंदुरबारच्या दवाखान्यात त्यांनी बाळाचं पोट धुतलं. नळीतून टरफल उललेली गुंज निघाली. डॉक्टर म्हणाले, यावर उतारा नाही, सलाईन लावायचं आणि वाट बघायची. वाट बघताना नेहलची ओकारी थांबली, मग रक्त पडू लागलं, मग तेही थांबलं. बाहेरच्या बाकावर तापीबाई आणि रमिलाबाई शेजारी-शेजारी बसल्या होत्या. रमिलाबाईनं तापीबाईचा पदर मुठीत धरला होता, तो सोडला नाही.

नेहल वाचली. आज ती अंगणात धावते. खाण्याच्या बाबतीत मात्र नाजूकच राहिली.

मोहिनीला पुढं मुलगा झाला. त्याच्या पाळण्यावर काहीही टांगलेलं नाही, आणि रमिलाबाईनं त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. ती आता रोज देवळात जाते आणि पाळण्याच्या खोलीत पाय ठेवत नाही.

नानीबाई धडगावला परत गेली. कोंबड्या तिनं पुन्हा पाळल्या नाहीत म्हणे. ममता वर्गात शिकवते आणि नव्या पोरींनी हसून काही विचारलं की आधी त्यांना कोंबड्या मेल्या त्या मागच्या अंगणात नेऊन उभी करते.

हेमांगीनं वर्ग मोडला नाही. गुंजेच्या जागी आता काळा काचमणी असतो, तोही जाळीत विणलेला, कितीही वेळ लागो. पण त्याआधी ती आणि अनोखीबाई महिनाभर दारोदार हिंडल्या. शहाद्यातले, तळोद्यातले, तापीपलीकडचे, मिळतील तेवढे पोपट परत आणले आणि खळ्यात जाळले. जत्रेत परमुलखातल्या लोकांनी नेलेले मात्र सापडले नाहीत. त्यांना ना गाव होतं ना नाव.

तापीबाई पुढच्याच वर्षी, गव्हाच्या कापणीत गेली. शेवटी-शेवटी तिला माणसं ओळखू येईनात. पण शेजारी कुठे तान्हं बाळ रडलं की ती उठून बसायची आणि विचारायची, "त्यान्हा पाळणावर काय टांगेल शे? जाई देखा व कोणी."

हेमांगी दरवेळी बाहेर जाऊन यायची आणि सांगायची, "काही नाही, मोठी माय." मग म्हातारी आडवी व्हायची. हेमांगीला मात्र नंतर झोप यायची नाही. घोडे घेऊन गेलेल्या त्या लोकांच्या मुलखात, कुठल्या तरी घरात, या घटकेलाही पाळणा हलत असेल आणि त्यावर ते पोपट डोलत असतील.