मशीन बिघडलंय

२६ नोव्हेंबर. सकाळी धुकं, दहानंतर लख्ख ऊन. त्या दिवसाचं सांगायचंय.

मी बीपीचं मशीन बोलतंय, शिंप्याच्या घरातलं. सासरी जाताना त्याच्या मुलीने मला आणून ठेवलं. "बाबा, रोज मोजायचं हं."

माणसांची एक खोड मी लवकरच ओळखली. आकडा आवडला नाही की दंड बदलतात, पाणी पितात, पुन्हा मोजतात. शिंप्याला माझा आकडा कधीच आवडला नाही. "मशीन बिघडलंय," म्हणत त्याने मला बटणांच्या डब्यामागे सारलं. गोळ्याही सोडल्या. "मला काही होतंय का? मग!"

शिंपी नकलांत पटाईत. झिंगलेल्या मेहुण्याची नक्कल सगळ्यांची लाडकी, खुद्द मेहुण्याचीही.

त्या दुपारी मेहुणा आलेला. कापड कापता कापता शिंप्याने कपाळ धरलं. "डोकं... फुततंय."

"घ्या, मीच आलो!" मेहुणा खिदळला. "ताई, बघ, आज तोंडही वाकडं केलंय भावजींनी!"

"पुरे हं," म्हणत बायकोही हसली.

उजव्या हातातून कात्री निसटली. शिंपी गिऱ्हाइकाच्या कापडावर भडाभडा ओकला. कापडाशी तो कधीच थट्टा करत नसे. हसू तिथं थांबलं.

बायकोने मला शोधून काढलं. २२०/१३०. "मेलं बिघडलेलंच आहे," म्हणाली, आणि तरी मला पिशवीत टाकून त्याला इस्पितळात घेऊन निघाली.

"मेंदूतली रक्तवाहिनी फुटलीय," डॉक्टरीणबाईंनी स्कॅन पाहून सांगितलं. "सध्या शुद्धीवर आहेत. औषधाने दाब उतरवू, लक्ष ठेवू."

संध्याकाळी शिंपी घोरू लागला. "लागली झोप एकदाची," मेहुणा पुटपुटला.

डॉक्टरीणबाईंनी हाका मारल्या, छातीचं हाड जोरात चोळलं. डोळे उघडले नाहीत. डावी बाहुली मोठी झाली होती.

"ही झोप नाही. रक्ताची गाठ वाढून मेंदू दाबतेय. कवटी उघडून काढायला हवी, आत्ताच. जीव वाचू शकेल. हात आणि बोलणं परत येईलच असं नाही."

"ह्यांना विचारल्याशिवाय मी कधी काही..." बायको अडली. मग मला पुढे केलं. "हे बिघडलंय का हो?"

बाईंनी पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला, आकडा पाहिला. "उत्तम चालतंय."

बायकोने सही केली.

माझं मागणं एवढंच: आकडा नावडला, तर मला दोष देऊ नका, डॉक्टरला विचारा.

शिंपी वाचला. उजवा हात हलत नाही. बोलणं आलेलं नाही. बायको रोज डाव्या दंडाला पट्टा बांधते. आज सकाळी १३४/८२.