मालकाचा पत्ता

श्रीकृष्ण यवतमाळचा. आजोबा वकील, वडील कचेरीत शिरस्तेदार. तो किनाऱ्यावरच्या एका सरकारी बंदरात विधी अधिकारी झाला तेव्हा आळीत पेढे वाटले गेले. समुद्र न पाहिलेल्या नातेवाइकांना तो हौसेनं सांगायचा, "बंदराला कायद्यानं फार अधिकार असतात. जहाज अडवता येतं, माल ठेवून घेता येतो, वेळ पडली तर विकताही येतो."

२००६च्या दिवाळीनंतर तो बायकोला, कुंदाला घेऊन भाचीच्या लग्नाला यवतमाळला आला. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मारेगावचे किसनराव बहिणीच्या घरी त्याला भेटायला आले. सोबत त्यांच्या शेतकरी गटाच्या इंदुताई होत्या. किसनराव खुर्चीच्या कडेवर टेकले. तुरीच्या शेंगांची पिशवी त्यांनी हळूच भिंतीशी ठेवली.

"मागच्या हंगामात भाव पडला, साहेब. तवा आमी चाळीस घरांनी ठरवलं, कापूस व्यापाऱ्याले द्याचा नाही. जिनिंगमध्ये सरकी काढून गाठी बांधल्या अन् परदेशात पाठवाले बंदरावर धाडल्या. जहाज लांबलं. एजंट गायब झाला. अन् आता समजते का बंदरानं आमच्या गाठी लिलावात इकल्या. तुमी त्याच बंदरात हाय न जी? जरा पाहा, काहून असं झालं."

श्रीकृष्णाला पाहायची गरज नव्हती. फाईल त्याच्याच टेबलावरून गेली होती. कायदा साधा होता: माल दोन महिने पडून राहिला तर बंदर तो विकू शकतं, पण मालकाचा पत्ता कळत असेल तर आधी त्याला नोटीस द्यायची. तपासणीच्या यादीत गाठींवरची खूण स्पष्ट लिहिली होती: शेतकरी गट, मारेगाव, जि. यवतमाळ. ते वाचून त्याला आधी आनंद झाला, मग भीती वाटली. गोदाम लवकर रिकामं करा म्हणून वरून तगादा होता. त्याच्या महिनाभर आधीच गावाकडच्या एका ओळखीच्या माणसाला त्यानं मुदत वाढवून दिली होती, तेव्हा वरिष्ठ सगळ्यांसमोर हसले होते, "तुमचे गाववाले फार दिसतात हो!" पुन्हा तेच ऐकायला नको, म्हणून त्यानं टिपणीत लिहिलं, 'मालकाचा पत्ता उपलब्ध नाही,' आणि खाली सही केली.

"कायद्यापुढे कुणाचं चालत नाही, किसनराव," तो म्हणाला. "दोन महिने झाले की विकावंच लागतं."

"पन गाठीवर तं आमचं नाव, गाव, सारं छापलं होतं," इंदुताई म्हणाल्या. "एक कार्ड तरी टाकाचं."

"खाऱ्या हवेनं पुसलं असेल."

इंदुताई त्याच्याकडे पाहत राहिल्या. किसनराव मात्र त्यांच्याकडे वळून म्हणाले, "पाह्य, मी म्हनलो होतो न? आपल्या जिल्ह्याचे साहेब हायेत. ते खोटं कायले सांगतीन?"

दुसऱ्या दिवशी लग्नाच्या पंगतीत कुणीतरी श्रीकृष्णाची ओळख 'बंदराचे मोठे साहेब' म्हणून करून दिली. त्यानं पंगतीतून उठून कुंदाला बाजूला नेलं आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? माझा कापूस नव्हता तो."

पुढच्या दिवशी तो एसटीनं मारेगावला गेला. तो आल्याचं कळताच किसनरावांच्या अंगणात गटाची पंधरा-वीस माणसं जमली. साहेब काही चांगली बातमी घेऊन आले, असं त्यांना वाटलं. कुणीतरी खुर्ची पुसून दिली. तो बसला नाही.

"सही माझी आहे," तो म्हणाला. "तुमचा पत्ता माझ्यासमोर होता. मी नाही म्हणून लिहिलं. आणि विकावंच लागतं हेही खोटं. विकता येतं, इतकंच कायदा म्हणतो."

कुणी ओरडलं नाही. किसनरावांनी मान खाली घातली, जणू चूक त्यांचीच होती.

इंदुताईंनी विचारलं, "मंग परवा काहून नाही सांगतलं?"

"लाज वाटली."

"मंग आता हेच कागदावर लिहून द्या. तोंडी लाज आमच्या काय कामाची?"

त्यानं तिथंच, ओट्यावर बसून दोन पानं लिहिली: फाईलचा क्रमांक, तारीख, टिपणीतला खोटा शेरा. खाली सही केली.

चौकशी दीड वर्ष चालली. लिलाव बेकायदा ठरला आणि आलेली रक्कम गटाला मिळाली. पण परदेशातलं गिऱ्हाईक केव्हाच तुटलं होतं, आणि चाळीसपैकी तीस घरं पुन्हा व्यापाऱ्याच्या काट्यावर कापूस घालू लागली होती. श्रीकृष्णाची बढती थांबली. त्याला जुन्या दस्तऐवजांच्या खोलीत बसवलं, त्याचं त्याला काही वाटलं नाही.

एका रविवारी दुपारी घरी फोन आला. किसनराव होते.

"साहेब, तुमच्या कागदानं काम झालं. लई उपकार झाले जी."

श्रीकृष्णानं रिसीव्हर कानापासून खाली घेतला. पलीकडून किसनराव "हॅलो, साहेब, हॅलो" करत राहिले. शेवटी कुंदानं त्याच्या हातातून रिसीव्हर घेतला आणि त्यांच्या घरच्या सगळ्यांची खुशाली विचारली.