जहाजी आचाऱ्याच्या पट्ट्या

मी थापा मारतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला फसल्यासारखं वाटायला नको. पन्नास वर्षं सुतारकाम केलं, हजारभर दारं बसवली, पण लोक मला ओळखतात ते गप्पीदास म्हणून. एका कपाटाला मी इतकं पॉलिश केलं होतं की शेजारचा म्हातारा त्यात बघून दाढी करायला यायचा, आणि एक दिवस त्याला त्यात पाठीमागे उभे असलेले त्याचे वडील दिसले, ही माझीच. एक दार मी इतकं पक्कं बसवलं की पुढे घर पडलं तरी दार उभंच राहिलं, आणि घरातली मंडळी आठ दिवस रोज दार वाजवून मोकळ्या जागेत शिरत होती, हीसुद्धा माझीच. अशा गोष्टींनी कुणाचं काही बिघडत नाही. ऐकणारा हसतो, चहा पाजतो आणि घरी जातो.

एका गोष्टीनं मात्र बिघडवलं. तीच आज सांगणार आहे.

गेल्या सोमवारी भाचीचा फोन आला. ती बँकेतली नोकरी सोडून बेकरीचं छोटं दुकान काढते आहे. "मामा, शुक्रवारी उघडतंय. त्याआधी येऊन खोकी बघून जा. तुला आवडतील."

मंगळवारी तिच्या घरी गेलो. ताई, म्हणजे माझी मोठी बहीण, खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. सकाळी काय खाल्लं ते तिला दुपारी आठवत नाही, पण माझी पावलं जिन्यावर ओळखते. "आला का, चपला दारातच काढ," असं न बघता म्हणाली. हे ती मला मी सहा वर्षांचा असल्यापासून सांगते आहे.

भाचीनं खोकं माझ्या हातात दिलं. निळं, गुळगुळीत. त्यावर एका अंगाला कललेलं जहाज, जहाजावर उंच टोपीवाला आचारी, आणि खाली लिहिलेलं, 'जहाजी आचाऱ्याच्या पट्ट्या'. झाकणाच्या आत बारीक अक्षरांत अख्खी गोष्ट. माझीच. शब्दसुद्धा माझेच.

"ताईचं नाव कुठे आहे?" मी विचारलं.

"आईचं कशाला? आईनं कृती त्या आचाऱ्याकडूनच घेतली ना. दर वर्षी तूच तर सांगतोस."

मी खोकं उलटं केलं, सुलटं केलं. ताईचं नाव कुठेच नव्हतं.

आता या पट्ट्या काय आहेत ते सांगतो. खाली लोण्याच्या खुसखुशीत बिस्किटाचा थर. मैदा, पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि थंड लोणी हातानं चोळायचं, वाळूसारखं झालं की ट्रेमध्ये दाबून बसवायचं, काट्यानं टोचायचं आणि नुसतंच भाजायचं. सोनेरी झालं की त्यावर मध, साखर, लोणी आणि साय उकळून, त्यात अक्रोड, बदाम, काजू घोळवून ओतायचं आणि परत भाजायचं. थोडक्यात, जगात कुठेही कुणीही करील अशी वस्तू. पण ताईच्या पट्ट्या कुठेही ओळखू येतात. वीतभर लांब, दोन बोटं रुंद, आणि एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ. पातळ टोकाकडून खायला सुरुवात करायची आणि खात खात सुक्यामेव्याच्या ढिगापर्यंत पोचायचं. पोरं जाड टोक डोळे मिटून खातात.

हे असं का, त्याचं कारण जहाज नाही. त्याचं कारण मी आहे.

मी सुतारकाम नुकतंच शिकत होतो. ताईनं नवं घर मांडलं होतं आणि तिला ओव्हन ठेवायला टेबल हवं होतं. उस्ताद म्हणाले, कर, तुझं पहिलं काम बहिणीलाच जाऊ दे. दोन पाय मी उस्तादांच्या टेपनं मापून कापले. तेवढ्यात ते टेप घेऊन जेवायला गेले. मला कुठला धीर. उरलेले दोन मी माझ्या जुन्या टेपनं कापले, जिचं टोक तुटलेलं होतं. सुरुवातीचे आकडेच नव्हते तिला. मी नुसता शेवटचा आकडा बघत होतो. झालं. एका बाजूचे दोन्ही पाय बोटभर आखूड. टेबल डुगडुगत नव्हतं, तेवढंच नशीब. ते गपचूप एका अंगाला कललेलं होतं, लग्नात कुणाशी तरी पटत नसलेल्या पाहुण्यासारखं.

ताईनं त्यावर ओव्हन ठेवला, पहिला ट्रे भाजला, आणि सगळं सारण एका बाजूला गेलं. चौकोनी वड्या पाडल्या तर अर्ध्या घराला अक्रोड आणि अर्ध्या घराला कोरडं बिस्कीट. मेव्याच्या बाजूसाठी मी आणि मेहुणे लहान मुलांसारखे भांडलो. मध्येच ट्रे फिरवून बघितला, तर पाक उसळून ओव्हनभर झाला. दुसऱ्या वेळी तिनं जरा विचार केला. सुरी घेतली आणि जाड बाजूपासून पातळ बाजूपर्यंत सरळ लांब पट्ट्या कापल्या. सगळ्यांना सारखं. बिस्किटाचा थर आधी कोरडा भाजायचा हेही तिनंच काढलं, कारण जाड बाजूखाली तो ओला राहायचा. कुणी शिकवलं नाही, कुठे वाचलं नाही. माझ्या चुकीतून तिनं वस्तू तयार केली.

"ताई, पाचर मारून देतो खाली," मी म्हणालो होतो.

"नको. पाचर दिसली की लोक विचारतील, टेबल कुणी केलं म्हणून."

पुढच्या महिन्यात तिनं घरी माणसं बोलावली. मेहुण्यांच्या ऑफिसातले, पोस्टातल्या बाई, आणि माझे उस्ताद. पट्ट्या फिरल्या. पोस्टातल्या बाईंना सगळ्याच पाकिटांत डोकावायची सवय. त्यांनी पट्टी उजेडात धरली आणि विचारलं, "ह्या एकीकडे जाड कशा हो?"

उस्तादांनी खाणं थांबवलं. त्यांची नजर पट्टीवरून ओव्हनवर गेली, ओव्हनवरून टेबलावर, आणि हळूहळू पायांकडे उतरायला लागली. ती नजर गुडघ्यापर्यंत पोचायच्या आत मी तोंड उघडलं.

म्हणालो, ही पाककृती एका जहाजावरच्या आचाऱ्याची. जहाज वादळात सापडलं, एका अंगाला कललं आणि एकवीस दिवस तसंच चाललं. आचारी भिंतीला पाय लावून स्वयंपाक करायचा. ओव्हन कललेला, सारण एकीकडे, आणि खलाशी भांडायला उठलेले, म्हणून त्यानं लांब पट्ट्या कापल्या. तो बंदरावर उतरला तेव्हा त्याला सपाट जमिनीवर चालता येईना. तो आमच्या वखारीत तिरक्या पायांचं टेबल करून मागायला आला होता, आणि पैशांऐवजी कृती देऊन गेला.

माणसं हसून हसून लोळली. उस्तादांची नजर परत वर आली. ताई सुरी हातात घेऊन उभी होती. तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी तिच्याकडे बघितलं. कसं बघितलं असेन ते मला माहीत आहे, कारण लहानपणी कप फोडला की मी तसाच बघायचो.

"हो," ताई म्हणाली. "त्याच आचाऱ्याकडून."

त्या एका वाक्यानं माझी अब्रू वाचली आणि तिच्या हातची वस्तू तिच्या हातून गेली. पुढे मी थांबलो असतो तरी चाललं असतं. पण चांगली जमलेली थाप कोण टाकून देतो? दर वर्षी तिच्या घरी पट्ट्या झाल्या की माणसं म्हणायची, गप्पीदास, आचाऱ्याची गोष्ट होऊन जाऊ दे. आणि मी आचाऱ्याला कधी लाकडी पाय दिला, कधी पोपट, कधी तीन बायका. ताई कापत राहायची, वाढत राहायची. कुणी तारीफ केली की म्हणायची, "माझं काय त्यात." आधी ती हे हसत म्हणायची. मग नुसतंच म्हणायला लागली. मला फरक ऐकू आला होता. खोटं कशाला बोलू, चांगला ऐकू आला होता.

तर मंगळवारी, खोकं हातात धरून, मी भाचीला आणि ताईला सगळं खरं सांगितलं. टेप, पाय, उस्ताद, सगळं.

भाची हनुवटीवर हात ठेवून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "छान आहे, मामा. पण जहाजाचीच जास्त चांगली आहे. हिच्यात वादळ नाही."

"अगं, ही गोष्ट नाही. असंच झालंय."

"तू पोपटाच्या वेळीही असंच म्हणाला होतास."

मी ताईकडे वळलो. "ताई, तू तरी सांग हिला. तूच केल्यास ना पट्ट्या?"

ताईनं माझ्याकडे जरा चिडून बघितलं. "काहीतरीच काय? आचारी नव्हता का आला? टोपी काढून दारात उभा होता. मी पाणी दिलं त्याला." मग भाचीकडे बघून म्हणाली, "ह्याच्याकडे लक्ष देऊ नको. हा लहानपणापासून खोटं बोलतो."

पाणी दिलं. हे माझ्या गोष्टीत कधीच नव्हतं. हे तिनं स्वतःचं घातलं होतं.

बुधवारी मी परत गेलो. सोबत मैदा, लोणी आणि अक्रोड घेऊन. टेबल अजून त्याच स्वयंपाकघरात आहे, पण आखूड पायांखाली भाचीनं मागे कधीतरी पुठ्ठा घातला होता. गुडघे कुरकुरत होते तरी खाली बसलो, पुठ्ठा काढला. टेबल आपल्या जुन्या जागी कललं. मग मी लोणी चोळलं, थर दाबला, टोचला, भाजला. सारण जरा जास्तच उकळलं माझ्याकडून. भाची दारात उभी राहून बघत होती. तिला वाटलं असेल, म्हातारा दुकानासाठी हौसेनं करतोय.

ट्रे निघाला. एकीकडे जाड, एकीकडे पातळ. "बघ," मी भाचीला म्हणालो. "कुठे आहे जहाज?"

"मामा, ओव्हन तिरका असला की तिरकंच होणार. म्हणून तर जहाजावर झालं."

माझीच थाप, चारही बाजूंनी पक्की. खरं आत शिरायला फटसुद्धा ठेवली नव्हती मी.

ट्रे निवल्यावर ताईच्या समोर ठेवला आणि सुरी गरम पाण्यात बुडवून तिच्या हातात दिली. तिनं ट्रे जरा फिरवला, जाड बाजू स्वतःकडे घेतली, आणि सरळ, एकदाही न थांबता, लांब पट्ट्या कापल्या. पहिली पट्टी उचलून जाड टोक माझ्याकडे करून तिनं मला दिली, आणि भाचीला म्हणाली, "ह्याला आधी द्यावी लागते. नाहीतर भांडतो."

मला वाटलं, आता आठवेल. हातांना आठवलंय, आता बाकीचंही येईल मागून.

ती स्वतः एक घास खाऊन म्हणाली, "पाक जास्त झालाय. पण चांगल्या आहेत. त्या आचाऱ्याला कळव हं."

मी पट्टी हातात धरून बसलो. आणि मग मला जे एकच येतं, ते मी शेवटचं करून बघितलं. माझ्यावर तिचा विश्वास नाही, पण आचाऱ्यावर आहे. म्हटलं, त्याच्याच तोंडून वदवू.

"ताई, त्याचा निरोप आलाय," मी म्हणालो. "तो म्हणाला, पट्ट्या माझ्या नाहीत. मी तुमच्या ताईंच्या स्वयंपाकघरात बघून शिकलो. सगळीकडे माझं नाव झालं, ते चुकलं. खोक्यावर ताईंचं नाव घाला, म्हणाला. माफी मागितली आहे त्यानं. खूप उशिरा मागतोय, हेही म्हणाला."

भाची आता हसत नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

ताईनं खिडकीबाहेर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं, आणि मी खुर्चीच्या कडेला सरकलो.

"बघ," ती म्हणाली. "स्वतः केलेली वस्तू, आणि नाव माझं घाला म्हणतो. किती मोठ्या मनाचा माणूस." मग तिनं माझ्या गुडघ्यावर पडलेला चुरा झटकला. "नाहीतर तू."