मी कनेरगाव नाक्याची म्हाताऱ्यांची इमारत

मी कनेरगाव नाक्यावरची दुमजली इमारत बोलतेय. हसू नका, इथं वयानं सगळ्यांत लहान मीच! माझ्या पोटात साठीच्या आतलं कोणी राहतच नाही.

हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्यानंतर दोनेक वर्षांनी माझा पाया खणला. ज्यांना ना स्वतःचं घर होतं, ना भाडं झेपत होतं, अशा म्हाताऱ्यांसाठी गावातल्या मंडळींनी संस्था काढली होती. थोडक्या भाड्यात एक खोली, ओटा आणि मोरी. माझा नकाशा काढला नचिकेत नावाच्या तरुण इंजिनिअरनं.

स्लॅब पडला, जिना झाला, तशी घरं मिळालेली माणसं बघायला आली. त्यांत बंजाऱ्यांच्या तांड्यावरची जिवनबाई. गुडघे दुखरे, पण हौस दांडगी! कठडा धरत ती वर पोचली आणि वाशीमकडं जाणारे ट्रक बघून टाळ्या पिटू लागली. उतरताना मात्र गुडघे अडून बसले.

"आता न्हाई उतरत बाप्पा," ती म्हणाली. "भाकर वरच पाठवा."

नचिकेत घामाघूम. शेवटी गवंड्यांनी माल चढवायच्या कप्पीला खुर्ची बांधली, दुहेरी दोर लावला आणि जिवनबाई तरंगत खाली निघाली. मधूनच ओरडली, "हळू काहून सोडून राहिले रे? जोरात सोडा!"

ती टेकली न टेकली, तोच देवळातले जुने पुजारी राधाकृष्ण महाराज धोतर सावरत पुढं आले. "आता माझा नंबर!"

सगळे पोट धरून हसले. नचिकेतही हसला, मग त्यानं नकाशा उघडला.

"जिन्यानं भागायचं नाही," तो म्हणाला. "उताराचा रॅम्प करावा लागेल. पण त्यात खालचं एक घर जाईल."

हसू थांबलं. घर कुणाचं जाणार?

"माझं जाऊ द्या," अनुसूयाबाई म्हणाल्या. लहान वयात विधवा झालेल्या त्या, देवळाच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जन्म काढलेला. स्वतःच्या दाराला स्वतः कडी लावायची, एवढंच त्यांचं स्वप्न. "मी जिवनबाईसोबत राहीन."

जिवनबाई चकित. "माय, मी कोंबडं खाते. चालंल तुमाला?"

"माझ्या भांड्यात नको शिजवू. आणि मी घोरते. तुला चालेल?"

"व्हय! तांड्यावर तर कुत्रे भुंकतेत रात्रभर."

रॅम्प झाला त्या दिवशी माझी म्हातारी लेकरं काही काम नसताना दिवसभर वर-खाली करत होती. महाराज तर चक्क शीळ घालत होते!

पहिल्याच होळीला जिवनबाईनं गच्चीवर लेंगी धरली. तांड्याचं गाणं, तांड्याचा ठेका. अनुसूयाबाई भिंतीला टेकून नुसत्या बघत होत्या. जिवनबाई मूठभर गुलाल घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"लावू का वं?"

अनुसूयाबाईंनी गाल पुढं केला. मग पदर खोचला आणि अशा नाचल्या, की खालच्या मजल्यावरची भांडी खणखणली. माझ्या विटाविटांना गुदगुल्या झाल्या!

आज मी गच्च भरलेली आहे. तरी गाठोडं घेतलेलं कुणीतरी दारात येतं, "जागा हाय का?" विचारतं आणि परत फिरतं. तेवढं मला सोसत नाही. माझ्या शेजारची जमीन रिकामीच आहे. तिथं मला एक धाकटी बहीण बांधून द्या ना! स्लॅब मात्र जाड घाला. ही माणसं शांत बसणाऱ्यांतली नाहीत.